फिस्टुला बंद पडायच्या आधी काय सांगत असतो : डायलिसिसचा हात तपासायचा कसा आणि बिघाड झाला तर करायचं काय

सोमवारची पहिली शिफ्ट, सकाळचे साडेसहा. काका खुर्चीत बसले, बाही वर केली, मी सवयीने मनगटाच्या वर फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या जागेवर, हात ठेवला तर हाताला काहीच लागेना. थरथर नाही, ठोका नाही, नुसती सुतळीसारखी कडक शीर. कधीपासून विचारलं तर म्हणाले, "काल संध्याकाळपर्यंत होती बहुतेक." त्या "बहुतेक"वर सगळं अडतं बघा. मग एकेक बाहेर आलं, की गेले तीन आठवडे सुई काढल्यावर रक्त थांबायला अर्धा अर्धा तास लागत होता, काकू कापूस बदलून बदलून कंटाळल्या होत्या, आणि शनिवारी डायलिसिसनंतर बीपी पडलेलं होतं. आमचीही चूक होतीच, चार्टवर व्हीनस प्रेशर, म्हणजे धुतलेलं रक्त शिरेत परत सोडतानाचं प्रेशर, १३०, १५०, १७५, १९० असं चढत गेलेलं आम्हीच आमच्या हाताने लिहिलेलं, पण चार दिवसांचे कागद कुणी शेजारी शेजारी ठेवून बघितलेच नव्हते.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, १३ वर्षं झाली, आधी शहरात आणि आता तालुक्याच्या गावी. या काळात अचानक बंद पडलेले फिस्टुला मी फार थोडे बघितले. बहुतेक आधी सांगतात, आपण ऐकत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, पेशंटसाठी, घरच्यांसाठी आणि नव्याने युनिटला लागलेल्या पोरापोरींसाठीपण. औषध, बलूनने शीर रुंद करणं, ऑपरेशन याचा निर्णय नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीचे डॉक्टर आणि सर्जनचाच, पण त्यांच्यापर्यंत वेळेत पोचवायचं काम आपलं.

आधी एक, आपल्याकडे नेमकं काय आहे ते माहीत करून घ्या. धमनी आणि शीर जोडून केलेला तो फिस्टुला, मनगटाजवळ किंवा कोपराजवळ. स्वतःच्या शिरा चांगल्या नसतील तर प्लास्टिकसारख्या मटेरियलची नळी कातडीखाली घालतात, तो ग्राफ्ट. आणि गळ्यातून किंवा मांडीतून टाकलेली नळी म्हणजे कॅथेटर, त्यात आठवड्या-दोन आठवड्यांची साधी आणि कातडीखालून बोगद्यासारखी नेलेली, जिला सगळेच परमकॅथ म्हणतात ती. मनगटाचा फिस्टुला १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या डॉक्टरांनी जगासमोर आणला, ब्रेशिया, सिमिनो वगैरे, आणि साठ वर्षं होत आली तरी त्याहून चांगलं काही मिळालेलं नाही. त्याच्या आधी हातातून प्लास्टिकची नळी बाहेर काढून ठेवायचे, घरीसुद्धा. आपल्या फिस्टुलावर वैतागलात की ते आठवा.

रोजची तपासणी, अर्धा मिनिट

सकाळी दात घासताना आणि रात्री झोपताना. डायलिसिसच्या दिवशी सुई टोचायच्या आधी आम्हीपण हेच करतो, निदान करायला पाहिजे, घाईत राहून जातं म्हणून तुम्ही आठवण करत जा, कुणाला राग येत नाही आणि आला तर येऊ दे.

पहिलं बघणं. दोन्ही हात शेजारी धरून उजेडात बघा. फिस्टुलाचा हात सुजलाय का, लाल आहे का, पू किंवा ओल आहे का, सुईच्या जागी खपली किती मोठी आहे, फुगा आला असेल तर त्याच्यावरची कातडी चमकते आहे का. बोटांचा रंग बघा, नखं निळसर किंवा पांढरी पडलीत का. छातीवर, खांद्यावर नव्याने शिरांचं जाळं दिसतंय का तेपण.

दुसरं हात लावणं. बोटांपेक्षा तळव्याचा बोटांखालचा उंचवटा लावला तर थरथर छान कळते. जिथे टाके पडलेत, म्हणजे धमनी-शिरेच्या जोडावर, तिथे थरथर सगळ्यात जास्त पाहिजे, वर सरकत जाल तशी ती हळूहळू कमी होत गेली पाहिजे, आणि ती अखंड पाहिजे, मांजर घुरघुरतं तशी. शीर दाबली तर मऊ लागली पाहिजे. आता थरथरीच्या जागी नुसता धाडधाड ठोका लागत असेल, शीर फुगलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी टणक असेल, तर समजायचं पुढे खांद्याच्या दिशेने कुठेतरी वाट अरुंद झालीय आणि रक्त तुंबतंय. उलट शीर चपटी, मवाळ, थरथर अगदी बारीक, तर आत येणारं रक्तच कमी आहे, गडबड टाक्यांच्या आसपास किंवा धमनीत. एवढा एक फरक समजला ना, तरी निम्मं काम झालं.

तिसरं ऐकणं. साधा स्टेथोस्कोप घरी घेऊन ठेवा. चांगल्या फिस्टुलाचा आवाज जाड, खोल आणि न तुटणारा असतो, लांबून पिठाची गिरणी चालल्यासारखा. अरुंद जागेवर तोच आवाज बारीक, शिट्टीसारखा होतो आणि मध्ये मध्ये तुटतो, म्हणजे ठोक्याबरोबर येतो आणि थांबतो.

आता दोन छोट्या टेस्ट, ज्या कुणी शिकवतच नाही. एक, हात डोक्याच्या वर उचला. फिस्टुलाची शीर बसली पाहिजे, रिकामी झाल्यासारखी. पूर्ण बसली नाही आणि काही भाग टणकच राहिला तर जिथे टणकपणा संपतो तिथेच बहुतेक अडथळा असतो. जुन्या फिस्टुलाचे मोठे फुगे पूर्ण बसत नाहीत, पण ढिले तरी पडले पाहिजेत. दोन, शीर वरच्या बाजूला एका बोटाने बंद करा, काही सेकंदच, आणि दुसऱ्या हाताने टाक्यांजवळ बघा. ठोका जोरदार झाला पाहिजे. झाला नाही तर आत येणारा पुरवठा कमकुवत आहे. आणि वर बोट दाबून धरलेलं असूनही खाली थरथर चालूच राहिली, तर मधून कुठेतरी फाटा फुटलाय आणि रक्त त्या वाटेने जातंय. नवीन फिस्टुला तयार होत नसेल तेव्हा ही दुसरी टेस्ट फार कामाची.

मशीन काय सांगतं

एकाच दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नका. सुई कशी लागलीय, पेशंट कसा बसलाय, रक्त किती घट्ट आहे यावर आकडा हलतो. मी अशी पद्धत ठेवलीय की सुरुवातीच्या पहिल्या काही मिनिटांत पंप मिनिटाला २०० मिलीवर असताना, सुई त्याच जाडीची, तेव्हाचं व्हीनस प्रेशर वेगळ्या कार्डावर लिहायचं. लागोपाठ तीन वेळा चढत गेलं तर डॉक्टरांना फोन. आर्टेरियल प्रेशर, म्हणजे हातातून रक्त ओढतानाचं प्रेशर, उणे २५० च्या पलीकडे जात असेल, पंप वाढवला की लाईन थरथरते, अलार्म होतो, तर आत येणारं कमी पडतंय, आणि पंप कमी करून वेळ मारून नेणं हा उपाय नाही. सगळे तेच करतात, मीपण केलंय, मग महिन्याच्या रिपोर्टला यूआरआर, म्हणजे डायलिसिसने रक्तातलं युरिया किती टक्के उतरलं तो आकडा, ६५ च्या खाली आलं की सगळे पेशंटला विचारतात "जेवण काय घेताय?" अहो जेवण नाही, तेच धुतलेलं रक्त परत परत मशीनमध्ये फिरतंय.

सुई काढल्यावर रक्त थांबायला नेहमी १० मिनिटं लागत असतील आणि आता २०-२५ लागतात, हेपॅरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध तेवढंच, तर ही खूण मी कुठल्याही मशीनच्या आकड्यापेक्षा वर धरतो. हे घरी कळतं, आम्हाला नाही, कारण पुढचा पेशंट आत घ्यायचा असतो आणि आम्ही पट्टी लावून तुम्हाला बाहेरच्या बाकड्यावर बसवतो. तिथे बसून घड्याळ बघत जा.

अरुंद झालाय असं वाटलं तर

पहिली पायरी डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. पण नुसतं "फिस्टुला चालू आहे" असं लिहून आणू नका, चालू आहे ते मला हातालापण कळतं. चिठ्ठीवर लिहून घ्या की दंडाच्या धमनीत मिनिटाला किती मिली रक्त वाहतंय, अरुंद जागा टाक्यांपासून किती सेंटीमीटरवर, तिथला व्यास किती आणि आजूबाजूचा किती, शीर कातडीपासून किती खोल. फिस्टुलात मिनिटाला ५०० मिलीच्या खाली आणि ग्राफ्टमध्ये ६०० च्या खाली फ्लो गेला की काळजीचं. शेजारच्या भागाच्या निम्म्याहून जास्त अरुंद असेल आणि सोबत वरच्यापैकी काही लक्षण असेल, तर उपाय करायचा.

हे "सोबत लक्षण" महत्त्वाचं आहे. नुसतं डॉप्लरमध्ये अरुंद दिसलं, बाकी थरथर मस्त, डायलिसिस नीट, रक्त वेळेत थांबतं, तर बलून मारायची घाई नको. किडनीच्या उपचारांच्या २०१९ च्या अमेरिकन केडीओक्यूआय गाइडलाइन्सपण हेच म्हणतात. विनाकारण बलून मारला की शिरेच्या आतल्या अस्तराला जखम होते आणि ती भरताना परत जाडी येते.

उपाय म्हणजे मुख्यतः बलून, फिस्टुलोप्लास्टी. हात बधिर करून सुईएवढ्या भोकातून तार आणि बलून आत नेतात, अरुंद जागेवर फुगवतात. ही जागा हृदयाच्या नळीसारखी चरबीची नसते, चिवट दोऱ्यासारखी असते, म्हणून प्रेशर जास्त लागतं आणि फुगवताना कळ येते, हे आधीच सांगितलेलं बरं. बहुतेक लोक त्याच दिवशी घरी. झाल्यावर चित्रात ३० टक्क्यांपेक्षा कमी अरुंदपणा उरला पाहिजे आणि मुख्य म्हणजे थरथर परत आली पाहिजे, टेबलवरून उतरायच्या आधी हात लावून बघा. औषध लावलेले बलूनपण आहेत, २०२० साली ३३० पेशंटवरचा एक अभ्यास छापून आला त्यात सहा महिन्यांनी औषधाच्या बलूनवाल्यांपैकी ८२ टक्के लोकांची ती जागा चांगली राहिली, साध्या बलूनवाल्यांत ते ६० टक्के होतं. महाग आहेत. पहिल्यांदाच करताय तर साधा बलून बरा, तीच जागा चार महिन्यांत परत अडली तर महागाचा विचार करा, असं माझं आपलं मत, डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका.

मनगटाच्या फिस्टुलाला टाक्यांच्या लगेच पुढे अरुंद होतो, ही सगळ्यात कॉमन जागा. तिथे बलूनऐवजी सर्जन दोन-तीन इंच वर नवीन जोड देऊ शकतो आणि ते बऱ्याचदा जास्त टिकतं. कोपराच्या फिस्टुलाला खांद्याजवळ, जिथे शीर वळून आत घुसते, तिथे अडतं, आणि ती जागा फार हट्टी, परत परत अडते, तिथे कधी स्टेंट, म्हणजे वाट उघडी धरणारी जाळीची नळी, लागतो. सुया टोचायच्या भागात मात्र स्टेंट नको.

नवीन फिस्टुला तयारच होत नाही

ऑपरेशन झालं, टाके काढले, डॉक्टरांनी बॉल दाबायला सांगितला, दोन महिने झाले तरी सुई लागेना. इथे सहाचा नियम लक्षात ठेवा, सहा आठवड्यांनी फ्लो ६०० मिली, शीर ६ मिलिमीटर रुंद आणि कातडीपासून ६ मिलिमीटरच्या आत. तोंडपाठ करायला सोपा म्हणून सांगतो, यातला एखादा आकडा थोडा कमी असला तरी फिस्टुला चालू शकतो. पण चार ते सहा आठवड्यांनी अनुभवी हाताने तपासून घ्यायचाच. "अजून महिनाभर बॉल दाबा" असं सांगत सांगत सहा महिने घालवलेले लोक बघितलेत, तोवर गळ्यातली नळी दोनदा बदललेली. नाही वाढला तर कारण तीन-चारच असतात : टाक्यांजवळ अरुंद, फाटे फुटलेत, धमनीच बारीक, किंवा शीर चांगली आहे पण खोल आहे. पहिल्याला बलून किंवा नवा जोड, दुसऱ्याला तो फाटा बांधून टाकतात, चौथ्याला शीर उचलून कातडीजवळ आणतात. धमनी बारीक असेल, विशेषतः बऱ्याच वर्षांची शुगर असेल, तर कोपराकडे जायचं.

बंद पडला तर

थरथर गेली, आवाज गेला. पहिलं काम, त्याच क्षणी युनिटला किंवा डॉक्टरांना फोन, रविवार असो नाहीतर लक्ष्मीपूजन असो. "उद्या डायलिसिस आहेच, तेव्हा दाखवू" हे करू नका. रक्ताची गाठ ताजी असताना काढणं सोपं, साधारण एक-दोन दिवसांच्या आत, नंतर ती शिरेच्या भिंतीला चिकटते. चोळू नका, तेल लावून मालिश तर अजिबात नको. पुढचं डायलिसिस लांबू शकतं म्हणून नारळपाणी, फळं, पाणी यावर त्याच मिनिटाला ब्रेक, पोटॅशियम वाट बघत नाही. खूप अशक्त वाटतंय, छातीत धडधड, धाप लागतेय, तर फिस्टुला बाजूला राहू दे, आधी हॉस्पिटल.

गाठ सर्जन बारीक चीर देऊन काढतो किंवा कॅथलॅबमध्ये औषध आणि उपकरणाने काढतात. विचारायचा प्रश्न एकच, गाठ का झाली? नुसती गाठ काढून अरुंद जागा तशीच ठेवली तर काही दिवसांत परत बंद. आणि नुसती शीर नाही, बाकीचंपण बघायचं. डायलिसिसमध्ये पाणी जास्त काढून बीपी पडलं का, जुलाब झाले का, इंजेक्शनने हिमोग्लोबिन एकदम जास्त वाढलं का, पट्टी करकचून बांधून तीन तास तशीच ठेवली का. आमच्याकडच्या कारणांची यादी वेगळीच असते. एसटीत हात दांडीला अडकवून झोपले, दुधाची किटली त्याच हातात, देवीचा गंडा मनगटाला घट्ट, लग्नात कोपरापर्यंत बांगड्या आणि ब्लाऊजची बाही आवळ. गंडा दुसऱ्या हाताला बांधा, देवी रागावत नाही.

त्या काकांचा नाही वाचला. गाठ काढली, बलून मारला, पाच दिवस चालला आणि परत गेला. शेवटी कोपराला नवीन केला आणि मधले अडीच महिने गळ्यात नळी.

सुई बाहेर गेली, हात काळानिळा

शीर फुटून रक्त बाहेर पसरलं की पंप लगेच बंद, हे टेक्निशियनचं काम, पण दुखायला लागल्या क्षणी ओरडून सांगणं तुमचं. बरेच लोक भिडेपोटी गप्प बसतात. घरी गेल्यावर पहिले २४ तास बर्फ, कापडात गुंडाळून, १०-१५ मिनिटं आणि मग विश्रांती, असं परत परत. २४ तासांनंतर कोमट शेक. सूज उतरेपर्यंत तिथे सुई नको. थरथर दर दोन-तीन तासांनी बघा, कारण सूज बाहेरून दाबून फिस्टुला बंद पाडू शकते. सूज वाढतच चाललीय, हात टणक झालाय, बोटं बधिर, तर लगेच हॉस्पिटल.

सुईबद्दल नव्या पोरांना दोन गोष्टी. टाक्यांपासून निदान ३ सेंटीमीटर लांब, दोन सुयांच्या टोकांत ५ सेंटीमीटर अंतर, आणि व्हीनस सुई नेहमी हृदयाच्या दिशेने. ग्राफ्टचा लूप असेल तर उजवं-डावं अंदाजाने ठरवू नका, मधोमध दाबा, ज्या बाजूला ठोका जोरात ती धमनीची बाजू. आणि जागा बदला रे बाबांनो, शिडीच्या पायऱ्या चढल्यासारख्या. त्याच त्या मऊ पडलेल्या जागी टोचलं की पेशंटला दुखत नाही, आपलंपण झटपट होतं, सगळे खूश, आणि दोन वर्षांनी तिथे लिंबाएवढा फुगा.

फुगा आणि रक्तस्राव

फुगा मोठा आहे म्हणून घाबरायचं नाही, त्यावरची कातडी कशी आहे ते बघायचं. चिमटीत उचलता येते, जाड आहे, तर लक्ष ठेवा, तिथे टोचणं बंद करा आणि पुढे अडथळा आहे का ते तपासून घ्या, कारण रक्त तुंबूनच फुगे वाढतात. कातडी पातळ, चमकणारी, पांढरट, वर खपली आहे आणि ती भरत नाही, थेंबभर रक्त आपोआप आलं, फुगा पटापट वाढतोय, यातलं एक जरी असलं तर त्याच दिवशी सर्जन. थेंबभर रक्त ही शेवटची वॉर्निंग असते, त्यानंतरची धार मिनिटांत माणूस घेऊन जाते.

धार लागलीच तर : अंगठ्याने नेमक्या भोकावर जोरात दाबा. टॉवेल गुंडाळू नका, हळद-चहापूड भरू नका. टॉवेल रक्त पितो आणि खाली काय चाललंय कळत नाही. हात हृदयाच्या वर धरा, आडवं व्हा, दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा. आणि अधूनमधून उचलून "थांबलं का" बघू नका. घरातल्या निदान दोन माणसांना, शाळेतल्या नातवालासुद्धा, हे करून दाखवा.

फिस्टुलावर लाल, गरम, दुखरं, पू, तर त्या जागी सुई नाही म्हणजे नाही, कल्चर, म्हणजे जंतू कोणता ते बघायची तपासणी, घेऊन अँटिबायोटिक. ग्राफ्टला इन्फेक्शन झालं तर नुसत्या औषधाने भागत नाही बऱ्याचदा, तो भाग काढावा लागतो.

हात गार पडतो, हात सुजतो

गार पडणं म्हणजे फिस्टुला पंजाचं रक्त चोरतोय. शुगरवाले आणि कोपराचा फिस्टुला, यांच्यात जास्त. ओळखायची युक्ती, बोटाला ऑक्सिमीटर लावा, फिस्टुला काही सेकंद हलकेच दाबा, आकडा सुधारला, बोटं गुलाबी झाली, कळ कमी झाली, तर चोरीच. नुसता गारवा असेल तर हातमोजा, ऊब आणि थोडी वाट. डायलिसिस चालू असताना कळा येतात तर डॉक्टरांना दाखवा. बसल्या बसल्या दुखतंय, बोटाला जखम, काळं पडतंय, तर थांबायचं नाही, फिस्टुला आवळून फ्लो कमी करतात, धमनीला बायपास देतात, नाहीतर फिस्टुला बांधून टाकतात. एक वेगळा प्रकार, ऑपरेशन झाल्या झाल्या काही तासांतच पंजात भयंकर आग आणि बोटं उचलत नाहीत, हात मात्र गरम. ते मज्जातंतूंचं दुखणं आहे, त्याला "भूल उतरतेय" म्हणून सोडायचं नाही, त्याच तासाला सर्जनला बोलवा.

पूर्ण हात खांद्यापर्यंत सुजला, चेहरा एका बाजूने सुजतो, छातीवर शिरांचं जाळं, तर अडथळा छातीतल्या मोठ्या शिरेत. विचारा, पूर्वी गळपट्टीच्या हाडाखालून नळी टाकली होती का, पेसमेकर आहे का. बहुतेक "हो" येतं. बलून मारतात, परत परत मारावा लागतो. म्हणूनच नळी टाकायची वेळ आली तर शक्यतो उजव्या गळ्यातून, हाडाखालून नको, हे टाकायच्या आधी विचारायचं.

गळ्यातली नळी चालेना किंवा थंडी वाजली

रक्त ओढत नाही? आधी साध्या गोष्टी. क्लॅम्प, वाकलेली लाईन, टाका आवळलाय का, मान वळवून बघा, खोकायला सांगा, झोपवून बघा. मग सिरींजने नळीत भरून ठेवलेलं हेपॅरिन ओढून काढायचं, कधीही पुढे ढकलायचं नाही, गाठ थेट हृदयात जाते. मग सलाईनने फ्लश. नळीची लाल-निळी तोंडं उलटी जोडून आजचा दिवस निघतो, पण धुतलेलं रक्त परत फिरतं म्हणून ती कायमची सवय नको. तरी नाही तर युरोकिनेज किंवा अल्टेप्लेज हे गाठ विरघळवणारं औषध आत भरून अर्धा ते एक तास ठेवतात. आणि नळी पहिल्या दिवसापासूनच चालत नसेल तर औषध वाया घालवू नका, एक्स-रे काढा, टोक चुकीच्या जागी आहे. आधी छान चालून मग बंद पडली तर गाठ किंवा टोकावर आलेली जाळी, औषधाने दोनदा प्रयत्न झाले की त्याच वाटेने तार घालून तिच्यावरून नळी बदललेली बरी.

डायलिसिस सुरू झालं आणि अर्ध्या तासात हुडहुडी भरून ताप, तर नळीतलं इन्फेक्शन आहे असंच धरून चालायचं. तोंडाला साधी पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवलेले पेशंट दुसऱ्या दिवशी आयसीयूत बघितलेत, एका मोठ्या शहरातल्या युनिटमध्ये, नाव नको. क्रम असा : अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर, नळीतून एक आणि दुसऱ्या शिरेतून किंवा मशीनच्या लाईनमधून एक. मग लगेच अँटिबायोटिक. साधी नळी असेल तर काढायचीच. परमकॅथ असेल तर पेशंट बीपी टिकवून आहे का, ताप दोन-तीन दिवसांत उतरतो का, जंतू कोणता यावर काढायची की बदलायची ते ठरतं. स्टॅफ ऑरियस नावाचा जंतू आला तर औषध चार आठवडे तरी, आणि ताप गेला म्हणून डोस अर्धवट सोडायचा नाही, हा जंतू हृदयाच्या झडपेवर आणि मणक्यात जाऊन बसतो. कंबर दुखायला लागली तर सांगा.

घरी : नळीवर पाणी नको, टोपण उघडायचं नाही, टोपण निघालं तर आधी क्लॅम्प बंद आहे ना बघा. कातडीखालचा कफ, म्हणजे नळीला जागेवर धरून ठेवणारा कापडी पट्टा, बाहेर दिसायला लागला तर ती नळी वापरू नका, अख्खी बाहेर आली तर भोकावर दाबून आडवं व्हा आणि फोन करा.

कागद आणि खर्च

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आणि आयुष्मानमध्ये तुमच्या हॉस्पिटलला यातलं काय काय बसतं ते आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमध्ये बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, आधीच विचारून ठेवा, फिस्टुला बंद पडल्यावर रांगेत उभं राहून नको. पिशवीत एक प्लास्टिक फोल्डर : फिस्टुला कधी, कुठल्या हाताला, कुणी केला, शेवटचा डॉप्लर, बलूनच्या तारखा, हेपॅरिनचा डोस, नेहमीचं व्हीनस प्रेशर. दुसऱ्या गावी लग्नाला जाऊन तिथल्या युनिटला डायलिसिस करायची वेळ आली की त्या फोल्डरवरून तिथला टेक्निशियन दोन मिनिटांत तयार होतो, नाहीतर अंदाजाने टोचतो.

आणि दुसरा हात. ज्या हाताला फिस्टुला नाही त्याच्याही कोपराच्या, दंडाच्या शिरा सांभाळा, पुढचा फिस्टुला तिथूनच यायचाय. सलाईन लावायला कुणी आलं की तळहाताच्या मागची शीर पुढे करा, आणि दंडातून छातीपर्यंत जाणारी लांब लाईन टाकायचं निघालं तर "आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा" असं सांगायला लाजू नका. वॉर्डमध्ये झोपेत असाल तर कळायचं नाही म्हणून आमच्या एका मावशींनी फिस्टुलाच्या हातावर जाड मार्करने "सुई नाही, बीपी नाही" असं मराठीत लिहून ठेवलेलं असतं, ॲडमिट व्हायच्या आदल्या रात्रीच.